वाचकांचे प्रश्न : दोन ध्रुव आणि आपला किनारा

गेल्या अंकात ध्रुवप्रदेशांविषयी प्रश्न पाठवण्याचे आवाहन केले होते. त्यानंतर डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या वाचकांकडून बरीच पत्रे आली. सर्वच पत्रांना येथे जागा देणे शक्य नाही. त्यांतली पुष्कळशी पत्रे एका समजुतीवर उभी होती, ती अशी की उत्तर ध्रुव आणि दक्षिण ध्रुव म्हणजे एकाच बर्फाळ प्रदेशाच्या दोन प्रती आहेत. ही समजूत दूर झाल्यावाचून पुढची उत्तरे नीट उलगडणार नाहीत, म्हणून गुहागरच्या एका शिक्षिकाबाईंचा प्रश्न प्रथम घेतला आहे.

दोन्ही ध्रुवांवर सहा महिने दिवस आणि सहा महिने रात्र असते. मग दक्षिण ध्रुव उत्तर ध्रुवापेक्षा इतका अधिक थंड का?

उत्तर ध्रुव हा समुद्रात आहे आणि दक्षिण ध्रुव हा जमिनीवर आहे, या एका वाक्यात निम्मे उत्तर येते. उत्तरेला आर्क्टिक महासागर आहे आणि त्याला आशिया, युरोप व उत्तर अमेरिका यांच्या किनाऱ्यांनी वेढलेले आहे. दक्षिणेला अंटार्क्टिका हे खंड आहे आणि त्याला चोहोबाजूंनी महासागराने वेढलेले आहे. दोहोंचे क्षेत्रफळ जवळजवळ सारखेच, म्हणजे प्रत्येकी सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटर भरते. पृथ्वीच्या एका टोकाकडून खणलेली माती दुसऱ्या टोकाला नेऊन रचावी, असा हा प्रकार आहे.

उत्तर ध्रुवावर आपण उभे राहिलो, तर पायाखाली दोन-तीन मीटर जाडीचा तरंगता बर्फ असतो आणि त्याखाली सुमारे ४ हजार मीटर खोल पाणी असते. खारे पाणी उणे १.८ अंशांच्या आसपास गोठते. त्यामुळे वर हिवाळ्यातली हवा कितीही गार झाली तरी बर्फाखालचे पाणी त्यापेक्षा फारसे थंड होत नाही आणि त्याची ऊब बर्फातून व बर्फाच्या भेगांतून सतत वर झिरपत राहते. दक्षिण ध्रुव मात्र समुद्रसपाटीपासून २,८३५ मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या पावणेदोनपट; आणि ही जवळजवळ सगळी उंची साठलेल्या बर्फाची आहे. उंची वाढली की हवा गार होते, हे आंबोली किंवा महाबळेश्वरला जाणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. त्यात भर म्हणजे अंटार्क्टिकाभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरणारा सागरी प्रवाह आणि तसेच फिरणारे वारे. यांच्या वाटेत कुठेही जमिनीचा अडसर नसल्यामुळे उत्तरेकडची उष्णता त्या खंडापर्यंत सहज पोहोचत नाही. याउलट अटलांटिकमधला उबदार प्रवाह नॉर्वेच्या किनाऱ्याने थेट आर्क्टिकच्या दारापर्यंत जातो. रशियाचे मुर्मान्स्क हे बंदर ६९ अंश उत्तरेला, आर्क्टिक वृत्ताच्याही वर असूनही बारमाही खुले राहते, ते याच प्रवाहाच्या जोरावर.

या सगळ्याचा परिणाम असा, की दक्षिण ध्रुवाचे वर्षभराचे सरासरी तापमान उणे ४९ अंशांच्या घरात असते, तर उत्तर ध्रुवावर भर हिवाळ्यातही ते साधारणपणे उणे ३० ते ३५ च्या आसपास असते आणि उन्हाळ्यात शून्यापर्यंत चढते. जमिनीवरील हवामान केंद्रात मोजलेले पृथ्वीवरचे सर्वांत कमी तापमान उणे ८९.२ अंश आहे. ते २१ जुलै १९८३ रोजी अंटार्क्टिकातील व्होस्तोक या ठाण्यावर नोंदले गेले, आणि ते ठाणे ध्रुवाहूनही उंच, जवळपास साडेतीन हजार मीटरवर आहे.

आमच्या सड्यावर मे महिन्यात बारा तासांच्या उन्हाने कातळावर पाय ठेववत नाही. ध्रुवावर तर उन्हाळ्यात चोवीस तास ऊन असते. मग तिथला बर्फ वितळून का जात नाही? (देवगडचे एक आंबा बागायतदार)

प्रश्न मार्मिक आहे, आणि शाळेत आपण जे उत्तर शिकलो ते अर्धेच आहे. ते असे, की ध्रुवावर सूर्य क्षितिजापासून साडेतेवीस अंशांहून वर कधीच चढत नाही; डोक्यावरच्या सूर्याचे जेवढे ऊन एक चौरस मीटरवर पडते तेवढेच तिथे अडीच चौरस मीटरवर पसरते. कोकणात मे महिन्याच्या पूर्वार्धात सूर्य थेट डोक्यावर येतो आणि भर दुपारी काठीची सावली नाहीशी होते. तसला दिवस ध्रुवाच्या नशिबी नाही.

परंतु चोवीस तासांचा हिशेब मांडला तर चित्र पालटते. २१ डिसेंबरच्या सुमारास दिवसभरात दक्षिण ध्रुवावरच्या वातावरणाच्या माथ्याशी जेवढी सूर्यशक्ती पोहोचते, ती त्याच दिवशी विषुववृत्तावर पोहोचणाऱ्या शक्तीपेक्षा जास्त असते, कारण तिथे सूर्य मावळतच नाही. शिवाय जानेवारीच्या आरंभी पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, म्हणजे दक्षिणेच्या उन्हाळ्याला उत्तरेपेक्षा थोडे अधिकच माप मिळते. एवढे असूनही दक्षिण ध्रुवावर आजवर नोंदलेले सर्वांत जास्त तापमान उणे १२.३ अंशच आहे. ती नोंद २५ डिसेंबर २०११ ची आहे.

मग ते ऊन जाते कुठे? ते परत जाते. ताजा, कोरडा बर्फ त्याच्यावर पडलेल्या प्रकाशाचा ८० ते ९० टक्के भाग अवकाशाकडे परतवून लावतो. आपला कातळसडा काळपट तांबूस आहे, तो बहुतेक सगळे ऊन पिऊन घेतो आणि संध्याकाळपर्यंत सोडत बसतो. सड्यावर पांढरा रंग फासला, तर आपले पाय बरेच कमी भाजतील, हा प्रयोग घराच्या गच्चीवर आता बरेच जण करतात.

हेच गणित उत्तरेला उलट्या दिशेनेही चालते. तरंगता बर्फ विरघळला की त्याच्या जागी गडद समुद्र उघडा पडतो. गडद पाणी ऊन शोषते, तापते आणि शेजारचा बर्फ वितळवते. आर्क्टिकवरचा बर्फ मार्चमध्ये सर्वाधिक पसरलेला असतो आणि सप्टेंबरमध्ये सर्वांत कमी उरतो. सप्टेंबर २०१२ मध्ये तो सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटरवर आला. उपग्रहांनी मोजणी सुरू केल्यापासूनचा तो नीचांक आहे. गेल्या चार दशकांत आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या तीन ते चार पट वेगाने तापला आहे, त्यामागच्या कारणांपैकी हे एक मोठे कारण आहे.

अंटार्क्टिकावर किती पाऊस पडतो?

पाऊस असा जवळजवळ नाहीच. पडते ते हिम. खंडाच्या अंतर्भागात वर्षभरात पडणाऱ्या हिमाचे पाणी केले तर ते ५० मिलिमीटरसुद्धा भरत नाही. एवढा पाऊस आपल्याकडे आषाढातल्या एखाद्या सकाळी न्याहारी होईपर्यंत पडून जातो. त्यामुळे भूगोलाच्या व्याख्येनुसार अंटार्क्टिका हे वाळवंट आहे. हवा इतकी थंड असते की तिच्यात बाष्प मावतच नाही. जे थोडे पडते ते वितळत नसल्यामुळे लाखो वर्षे थरावर थर साचत गेले, आणि त्याची सरासरी जाडी आज सुमारे २ किलोमीटर झाली आहे.

आमची शेती खाडीकाठी आहे. उधाणाच्या भरतीला खारबांधावरून पाणी आत येते आणि भातखाचरे नासतात. ध्रुवांवरचा बर्फ वितळल्यामुळे हे होते असे लोक म्हणतात. ते खरे आहे काय? (रायगड जिल्ह्यातील एक शेतकरी)

अंशतः खरे आहे, पण कोणता बर्फ हे आधी पाहिले पाहिजे. कोकम सरबताच्या काठोकाठ भरलेल्या पेल्यात बर्फाचे खडे तरंगत असतील आणि ते विरघळले, तरी सरबत पेल्याबाहेर सांडत नाही, कारण तरंगणारा बर्फ आपल्या वजनाइतके पाणी आधीच बाजूला सारून बसलेला असतो. आर्क्टिक महासागरावरचा बर्फ या जातीचा आहे. तो सगळा नाहीसा झाला तरी समुद्राची पातळी म्हणण्यासारखी वाढणार नाही. जमिनीवर साठलेला बर्फ मात्र समुद्रात आला म्हणजे पेल्यात बाहेरून नवा खडा टाकल्यासारखे होते. असा बर्फ मुख्यत्वे दोन ठिकाणी आहे. ग्रीनलंडचा सगळा बर्फ वितळला तर जगभरचा समुद्र सुमारे ७ मीटर वर येईल आणि अंटार्क्टिकाचा सगळा वितळला तर सुमारे ५८ मीटर. हे आकडे वाचून कोणी घाबरून जमीन विकू नये. एवढा बर्फ वितळायला हजारो वर्षे लागतील. प्रत्यक्षात १९०० सालापासून जगाची सरासरी समुद्रपातळी सुमारे २० सेंटिमीटर वाढली आहे आणि अलीकडे ती वर्षाला सुमारे ४ मिलिमीटरच्या वेगाने वाढत आहे. त्यातलाही मोठा वाटा निव्वळ तापलेले पाणी प्रसरण पावल्याचा आणि पर्वतांवरच्या हिमनद्यांचा आहे.

या संदर्भात एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. बर्फाचा एवढा प्रचंड ढीग आपल्या गुरुत्वाकर्षणाने भोवतालचा समुद्र स्वतःकडे ओढून धरतो. ग्रीनलंडचा बर्फ कमी झाला की ती ओढ सैल पडते, ग्रीनलंडच्या अगदी जवळची समुद्रपातळी उलट खाली जाते, आणि ते पाणी दूरच्या प्रदेशांच्या वाट्याला येते. उष्ण कटिबंधातले किनारे, म्हणजे आपणही, त्या दूरच्या प्रदेशांत मोडतो. तिथला बर्फ गेल्याचा भार तिथल्या लोकांपेक्षा आपल्याकडे अधिक येतो, हा निसर्गाचा हिशेब काहीसा अन्यायाचा वाटावा असाच आहे.

पश्चिम अंटार्क्टिकाकडे अभ्यासकांचे विशेष लक्ष आहे. तिथे बर्फ ज्या खडकावर टेकला आहे तो बऱ्याच ठिकाणी समुद्रसपाटीच्या खाली आहे, त्यामुळे कोमट समुद्राचे पाणी बर्फाच्या बुडाशी शिरून त्याला खालून पोखरते. थ्वेट्स नावाची तिथली हिमनदी याच कारणासाठी वारंवार बातम्यांत येते.

आता तुमच्या बांधाविषयी. शतकभरातली वीतभर वाढ अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणावर चढते तेव्हा जुन्या मापाचा बांध अपुरा पडतो, हे उघड आहे. परंतु काठावरची कांदळवने तुटली असतील, बांधाची आणि उघाडीच्या झडपांची डागडुजी वर्षानुवर्षे झाली नसेल, तर तो दोष ध्रुवावर ढकलून चालणार नाही.

एप्रिल-मे महिन्यांत कधी कधी वारा पडलेला असतो, आभाळ स्वच्छ असते आणि तरीही पुळणीवर मोठ्या, लांब लाटा येऊन होड्या आपटतात. जुने तांडेल म्हणतात की ही लाट लांबून येते. किती लांबून? (हर्णै)

तांडेल बरोबर सांगतात. पुष्कळदा ती लाट अंटार्क्टिकाच्या शेजारून आलेली असते. दक्षिण गोलार्धात ४० ते ६० अंशांच्या पट्ट्यात पश्चिमेचे वारे अखंड वाहतात; शिडाच्या जहाजांवरचे खलाशी त्या पट्ट्याला ‘गर्जणारी चाळिशी’ अशा अर्थाच्या नावाने ओळखत. तिथे वादळ झाले की उठलेल्या लाटांपैकी आखूड लाटा वाटेतच विरून जातात, पण लांब लाटा फारशी शक्ती न गमावता हजारो किलोमीटर प्रवास करतात. हिंदी महासागर उत्तरेकडे बंद असला तरी दक्षिणेकडे सताड उघडा आहे, त्यामुळे त्यांना आपल्यापर्यंत येताना अडवणारे काही नाही. साधारण पाच-सहा दिवसांत त्या आपल्या किनाऱ्याला लागतात. इथल्या वाऱ्याने उठलेली लाट चार-सहा सेकंदांनी येते, ही पाहुणी लाट मात्र १५ ते २० सेकंदांच्या अंतराने येते. घड्याळ लावून मोजले तर दोघींतला फरक सहज कळतो. केरळात या लाटांचा मारा आपल्यापेक्षा जास्त बसतो आणि तिथले मच्छीमार तिला ‘कल्लक्कडल’, म्हणजे चोरपावलांनी येणारा समुद्र, म्हणतात. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था अशा लाटांचा इशारा आधी देते. आभाळ निरभ्र आहे म्हणून त्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष करू नये.

ध्रुवाकडून आपल्याकडे येणारी आणखी एक गोष्ट आहे, जी कोणालाच दिसत नाही. अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्र गोठतो तेव्हा बर्फ मीठ बाहेर टाकतो. उरलेले पाणी अधिक खारट, अधिक थंड आणि म्हणून जड होते, तळाशी बसते आणि तळातळाने उत्तरेकडे सरकू लागते. आपल्या अरबी समुद्राच्या पृष्ठभागाचे पाणी मे महिन्यात २९-३० अंशांवर असते, पण खोल समुद्राच्या तळाशी उतरले तर तापमान सुमारे २ अंशच भरते. उष्ण कटिबंधात इतके थंड पाणी तयार होण्याची काही सोय नाही. ते दक्षिणेकडून शतकानुशतके सरपटत आलेले आहे.

आर्यांचे मूळ वसतिस्थान उत्तर ध्रुवावर होते असे लोकमान्यांनी लिहिले आहे. भूगोलाच्या दृष्टीने ते शक्य आहे काय? (रत्नागिरीचे एक निवृत्त वाचक)

लोकमान्य टिळकांचा जन्म आपल्या रत्नागिरीचा, त्यामुळे हा प्रश्न आला नसता तरच नवल. १९०३ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी हे मत मांडले. ऋग्वेदातील उषेच्या वर्णनांत एका दिवसाची नव्हे, तर अनेक दिवस लांबणारी पहाट दिसते आणि अशी पहाट ध्रुवाजवळच असू शकते, हा त्यांच्या युक्तिवादाचा एक मुख्य आधार होता.

यातला खगोलाचा भाग पक्का आहे. रत्नागिरीत पहिल्या फटफटीपासून सूर्योदयापर्यंत जेमतेम सव्वा तास लागतो. उत्तर ध्रुवावर जानेवारीच्या अखेरीस क्षितिजाशी पहिला अंधूक उजेड येतो आणि सूर्य उगवतो तो मार्चमधल्या विषुवदिनाच्या सुमारास. मधले सात आठवडे तो उजेड वाढत वाढत क्षितिजाच्या कडेने गोल फिरत राहतो. पंचांगाचे गणित करणाऱ्या माणसाने ही गोष्ट नेमकी पकडावी, हे टिळकांच्या बुद्धीला साजेसेच आहे.

भूगोलाचा भाग मात्र टिकत नाही. खुद्द ध्रुवावर जमीनच नाही. नॉर्वेचा संशोधक नान्सेन याने १८९३ ते १८९६ या काळात ‘फ्राम’ हे जहाज मुद्दाम बर्फात अडकवून वाहत जाऊ दिले, तेव्हा तिथे खोल महासागर असल्याचे दिसून आले होते. टिळकांचा रोख नेमक्या ध्रुवबिंदूवर नसून भोवतालच्या प्रदेशावर होता, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. तरीही त्या प्रदेशात अशी वस्ती असल्याचा पुरातत्त्वीय पुरावा मिळालेला नाही, आणि आजचे भाषाशास्त्रज्ञ व पुरातत्त्वज्ञ हा सिद्धान्त स्वीकारत नाहीत. ग्रंथाविषयीचा आदर आणि त्याच्या निष्कर्षाविषयीचा मतभेद या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात, असे मला वाटते.

होकायंत्र घेऊन उत्तरेकडे चालत राहिलो तर उत्तर ध्रुवावर पोहोचू का?

नाही. होकायंत्राची सुई चुंबकीय ध्रुवाकडे वळते आणि तो भौगोलिक ध्रुवापासून वेगळा आहे. जेम्स क्लार्क रॉस याने १८३१ मध्ये तो उत्तर कॅनडात शोधला, तेव्हापासून तो सरकत सरकत आता सायबेरियाच्या बाजूला झुकला आहे. त्याच्याजवळ गेल्यावर सुई आडवी न राहता खाली जमिनीकडे तोंड करू पाहते, आणि दिशा दाखवायच्या कामाची राहत नाही. रात्री ध्रुवतारा पाहिलेला बरा. आपल्या किनाऱ्यावर तो क्षितिजापासून १६ ते २० अंश, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन मुठींच्या आत-बाहेर उंचीवर दिसतो. उत्तर ध्रुवावर तो डोक्यावर असतो, आणि दक्षिण ध्रुवावर मुळीच दिसत नाही.

मी वेंगुर्ल्याला शिकते. मला अंटार्क्टिकाला जायचे आहे. त्यासाठी काय करावे लागेल?

त्या वाटेचा पहिला टप्पा तुझ्या घरापासून फार दूर नाही. भारताच्या ध्रुवीय मोहिमांचे काम पाहणारे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र गोव्यात वास्को येथे आहे. डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखालची पहिली मोहीमही ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहूनच निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली. आज तिथे ‘मैत्री’ आणि ‘भारती’ ही आपली दोन ठाणी चालू आहेत. ‘मैत्री’ १९८९ पासून आणि ‘भारती’ २०१२ पासून. त्याआधीचे ‘दक्षिण गंगोत्री’ बर्फाखाली गाडले गेले. उत्तरेला स्वालबार्ड बेटांवर २००८ पासून ‘हिमाद्री’ हे ठाणे आहे. मुलींनी जावे की नाही हा प्रश्न तर केव्हाच निकालात निघाला आहे. नागपुरात जन्मलेल्या समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत आणि भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता १९८३-८४ च्या मोहिमेतच तिथे जाऊन आल्या.

भूशास्त्र, हवामानशास्त्र, समुद्रशास्त्र, जीवशास्त्र यांपैकी कोणत्याही वाटेने जाता येते. निवड झाल्यावर कसून वैद्यकीय तपासणी होते आणि उत्तराखंडात औली येथे बर्फात राहण्याचा सराव करून घेतला जातो. शास्त्रज्ञांखेरीज डॉक्टर, स्वयंपाकी, वीजतंत्री आणि मेकॅनिकही प्रत्येक मोहिमेला लागतात. तुझ्या पत्रात वडिलांच्या ट्रॉलरचे इंजिन उलगडून पुन्हा जोडता येते असा उल्लेख आहे. तो अर्जातही जरूर कर.